तेय्यम पडद्यावर आणताना: उत्तर केरळमधील एका चित्रीकरणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील एका गावात घडले. मर्यादित खर्चाच्या एका मल्याळम कथाचित्रपटाला तेय्यमचा, म्हणजे माणूस देवतेचे रूप धारण करतो त्या विधीचा, प्रसंग चित्रित करायचा होता. त्यासाठी परवानगी कोणाची घ्यायची, ती नेमकी कशाची असते आणि मिळाल्यानंतरही कुठे थांबायचे, या प्रश्नांवरून चित्रपटाचा चमू, देवस्थानाची समिती आणि तेय्यम धारण करणारे घराणे यांच्यात दीर्घ बोलणी झाली. गाव, चित्रपट, देवता आणि माणसे यांची नावे येथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. चमूतील ध्वनिमुद्रक मराठी भाषक आहेत. त्यांनी ठेवलेली टिपणे आणि नंतर तिन्ही बाजूंच्या लोकांशी झालेले बोलणे, या आधारावर हा वृत्तान्त लिहिला आहे.

पार्श्वभूमी

तेय्यम हा उत्तर मलबारचा, म्हणजे जुन्या कोलत्तुनाडूच्या परिसराचा विधी. मल्याळी पंचांगातील तुलाम महिन्याच्या दहाव्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून, ते पाऊस सुरू होईपर्यंत कन्नूर आणि कासरगोड जिल्ह्यांतील कावूंमध्ये आणि जुन्या तरवाडांच्या, म्हणजे एकत्र कुटुंबांच्या वाड्यांच्या, अंगणांत तेय्यमे होतात. कावू म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखे झाडीतले देवस्थान. वण्णान, मलयन, वेलन अशा, एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पुरुष वंशपरंपरागत हक्काने देवतेचे रूप धारण करतात. त्यांना कोलधारी म्हणतात. कोणत्या कावूत कोणते तेय्यम कोणत्या घराण्याने धारण करायचे, हे पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. त्या रात्री तरवाडाचा कर्ता पुरुष कोलधारीसमोर हात जोडून उभा राहतो, घरातले दुखणे आणि भाऊबंदकी त्याच्यापुढे मांडतो आणि त्याच्या हातून हळदीचा प्रसाद घेतो. सकाळी मुकुट उतरला की कोलधारी पुन्हा रोजंदारीवर, रिक्षावर किंवा रंगकामावर जातो. पोट्टन तेय्यमच्या गाण्यात तर देवच वाट अडवणाऱ्या उच्चवर्णीयाला विचारतो की तुला कापले तरी रक्त, मला कापले तरी रक्त, मग भेद कुठे आहे. हा प्रश्न शेकडो वर्षे त्याच अंगणांत विचारला गेला आणि अंगणांचे मालक तो भक्तिभावाने ऐकत आले.

मराठी वाचकाला येथे अंगात येणे किंवा कोकणातला अवसर आठवेल. साम्य आहेच, परंतु तेय्यमची तयारी फार लांब आणि फार काटेकोर असते. व्रत असते, देवतेची कथा सांगणारे तोट्टम हे गीत मुखोद्गत असावे लागते, चेंडा या ढोलाच्या तालावरची पावले लहानपणापासून घोटलेली असतात. आणि चेहऱ्यावर रंगांनी केलेले लेखन असते. कावूच्या कडेला नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या अणियरा नावाच्या खोपीत कोलधारी चटईवर उताणा झोपतो. दुसरा कलावंत त्याच्या डोक्याशी बसून नारळाच्या पात्याच्या हिराने मनयोला हा पिवळा, चायिल्यम हा लाल आणि काजळी यांच्या रेषा काढत जातो. प्रत्येक तेय्यमची रेखाटणी ठरलेली असते. हे काम काही तास चालते. ज्येष्ठ कोलधाऱ्यांना त्यात डुलकीही लागते आणि लिहिणाऱ्याचा हात तरीही थांबत नाही. नंतर देवळासमोर मुडी, म्हणजे उंच मुकुट, बांधला जातो आणि कोलधारीच्या हाती लहान आरसा दिला जातो. आरशात त्याला जो चेहरा दिसतो तो त्याचा नसतो, देवतेचा असतो. त्या क्षणापासून लोक त्याला नावाने हाक मारत नाहीत.

मल्याळम चित्रपटाच्या बाजूनेही थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या प्रकरणात तो वारंवार काढला गेला. जे. सी. डॅनियल यांचा ‘विगतकुमारन’ हा पहिला मल्याळम मूकपट १९३० च्या सुमारास तिरुवनंतपुरममध्ये दाखवला गेला. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर कुटुंबातील नायिकेची भूमिका केली होती. ते सवर्ण प्रेक्षकांना सहन झाले नाही. तिच्यावर हल्ले झाले आणि तिला गाव सोडून जावे लागले. म्हणजे कोणी कोणाचा वेष घालायचा, हा प्रश्न मल्याळम चित्रपटाच्या जन्माबरोबरच आला आणि त्याची किंमत एका स्त्रीने मोजली. पुढे १९५४ मध्ये ‘नीलक्कुयिल’ने जातीचा विषय थेट कथेच्या केंद्रस्थानी आणला. १९९७ मध्ये जयराज यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वर बेतलेल्या ‘कळियाट्टम’मध्ये नायकच तेय्यम कलावंत दाखवला आणि त्या भूमिकेसाठी सुरेश गोपी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गेल्या पंधरा-एक वर्षांत मल्याळम चित्रपटाची ओळख खऱ्या घरांची, खऱ्या गल्ल्यांची आणि प्रत्येक तालुक्याच्या वेगळ्या बोलीची झाली आहे. कासरगोडची बोली आता नायकाच्या तोंडी असते आणि स्थानिक माणसे मोठ्या भूमिकांत दिसतात. या वास्तवाचे आपल्याकडेही कौतुक होते आणि ते रास्त आहे. मात्र या वास्तवाला कच्चा माल पुरवणाऱ्या गावाला त्याबद्दल काय वाटते आणि त्याला नाही म्हणण्याची सोय असते का, याकडे फारसे पाहिले जात नाही. या प्रकरणाचे महत्त्व मला तेथेच वाटते.

चित्रपटाची गरज

कथा साधी होती. आखातात नोकरी करणारा तरुण गावी परततो. त्याचे वडील कोलधारी आहेत आणि हा हंगाम त्यांचा शेवटचा ठरणार आहे. मुलाने घराण्याचा हक्क पुढे चालवायचा की तो सोडून द्यायचा, एवढाच प्रश्न. वडिलांच्या भूमिकेसाठी एक नामवंत अभिनेता घेतला होता. पटकथेतील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे वडिलांच्या चेहऱ्यावरचे लेखन, मुडी बांधणे आणि आरसा. दिग्दर्शकाने हा प्रसंग अभिनेत्याच्या चेहऱ्यावर, अगदी जवळून, अनेक कोनांतून चित्रित करण्याचे ठरवले होते आणि वितरकाशी बोलतानाही याच प्रसंगाचा आधार घेतला होता.

पेच कसा निर्माण झाला

पावसाळ्यात चमूचा प्रॉडक्शन कंट्रोलर गावी गेला आणि कावूच्या समितीला भेटला. समितीचे सचिव निवृत्त शिक्षक होते. त्यांना चित्रपटाबद्दल आस्था होती. समितीने बैठक घेऊन ठराव केला, कावूच्या कुंपणासाठी देणगी ठरली आणि कंट्रोलरने तारखा निश्चित केल्या. त्यानंतर तो ज्येष्ठ कोलधाऱ्याच्या घरी गेला. अभिनेत्याला काही दिवस शिकवणे, मुडी आणि दागिने भाड्याने देणे, आणि कळियाट्टम, म्हणजे वार्षिक उत्सव, संपल्यानंतर त्याच अंगणात अभिनेत्याच्या चेहऱ्यावर लेखन करून देणे, अशी त्याची मागणी होती. मोबदला चांगला होता.

ज्येष्ठ कोलधाऱ्यांनी विचारले, परवानगी कोणी दिली? समितीने, असे उत्तर आले. त्यावर ते जे बोलले ते ध्वनिमुद्रकाच्या टिपणात आहे: “कावू त्यांचा, अंगण त्यांचे. चेहरा माझा आहे, आणि त्यावर जे लिहिले जाते ते माझेही नाही. ते भाड्याने कसे देऊ?”

समितीत कोलधारी घराण्यातील एकही माणूस नव्हता. यात समितीला काही चुकीचे वाटले नव्हते, कारण पूर्वापार तसेच चालत आले होते. कावूची जमीन, जमाखर्च आणि उत्सवाचा दिवस हे विषय तरवाड आणि त्याभोवतीची कुटुंबे ठरवतात. कोलधाऱ्याला निरोप जातो आणि तो येतो. चित्रपटवाल्यांनी गावाची रीत पाळली, असे कंट्रोलर प्रामाणिकपणे म्हणत होता. त्याने पाळलेली रीत खरोखरच गावाची होती, आणि अडचण तिच्यातच होती. जातीची जुनी उतरंड चित्रपटाच्या परवानगीपत्रात जशीच्या तशी उतरली होती.

कोलधाऱ्यांच्या घरातही एकमत नव्हते. त्यांचा पुतण्या स्वतः चांगला कोलधारी आहे. त्याचे म्हणणे होते की ओणमच्या मिरवणुकीत तिरुवनंतपुरमच्या रस्त्यावर तेय्यम चालते, पक्षांच्या जथ्यांत आणि पर्यटनाच्या सोहळ्यांत चालते, प्रत्येक भक्ताच्या मोबाइलमध्ये तेय्यम आहे, मग चित्रपटालाच नकार का? पावसाळ्यात घराण्याला काहीच मिळकत नसते, अग्नीच्या तेय्यमात भाजले तर उपचाराचा खर्च घरानेच करायचा असतो, आणि वेषाचे सामान दर वर्षी महाग होते. पुतण्याच्या आईने आणखी एक मुद्दा मांडला. व्रताच्या दिवसांत सगळे घर व्रत पाळते, तेव्हा शिकवण्याचे पैसे आले तर ते कोणाच्या हातात येणार, हेही आधी सांगा. हे सारे युक्तिवाद वजनदार होते. परंपरेचे रक्षक आणि पैशाचे लोभी अशी वाटणी करून या घराकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

मोबाइलच्या मुद्द्यावर ज्येष्ठांचे उत्तर असे होते की मोबाइलवाला जे मिळेल ते घेतो, तुम्ही मात्र पुन्हा करा म्हणाल. आरसा पुन्हा पाहता येत नाही.

समोर असलेले पर्याय

दिग्दर्शक स्वतः गावी आला आणि येथून प्रकरणाला वेगळे वळण लागले. चमूसमोर पाच मार्ग होते. अभिनेत्याला तेय्यमचा वेष चढवण्याची मूळ योजना रेटता आली असती. समितीचा ठराव हातात होता आणि शेजारच्या तालुक्यातून दुसरा कोलधारी पैशासाठी तयार झाला असता, असे कंट्रोलरचे मत होते. कोचीत कावूचा सेट उभारून तेथे व्यावसायिक कलावंतांकडून तेय्यम करून घेता आले असते. कोणत्याही कावूत नसलेली एक काल्पनिक देवता रचून तिचा वेष तयार करता आला असता. खऱ्या कळियाट्टमच्या रात्री गर्दीत उभे राहून जे घडेल ते टिपता आले असते. किंवा तेय्यमचे दृश्य पूर्णपणे वगळून केवळ आवाजावर प्रसंग उभा करता आला असता.

सेटचा पर्याय लवकर बाद झाला. खर्च होताच, शिवाय दिग्दर्शकाला तो खोटा वाटत होता. काल्पनिक देवतेचा पर्याय मात्र बराच काळ विचारात होता, कारण त्यात कोणाच्याही श्रद्धेला थेट धक्का लागत नव्हता. वेशभूषाकाराने दोन आराखडेही केले. ते पाहून पुतण्याने लगेच सांगितले की ओठांखालची ही वळणे अमुक देवीची आहेत आणि मुडीचा आकार तमुक देवाचा आहे. सुमारे ४०० तेय्यमांच्या या प्रदेशात निव्वळ काल्पनिक काही उरतच नाही; प्रत्येक रेषा कुठल्यातरी कावूची निघते. शिवाय दोन देवतांची सरमिसळ हा अभिनेत्याने वेष घालण्यापेक्षाही मोठा अपराध मानला गेला असता. हा पर्याय बाहेरून सुरक्षित दिसतो आणि म्हणूनच अधिक धोक्याचा आहे, असे माझे मत आहे. माहितगार माणसाला आराखडे आधीच दाखवले गेले नसते, तर चित्रपट पडद्यावर आल्यावरच हे कळले असते.

दुसऱ्या तालुक्यातील कोलधारी आणण्याचा मार्ग दिग्दर्शकाने नाकारला, आणि या प्रकरणातील पहिला खरा निर्णय हाच होता. कायद्याने त्याला कोणी अडवले नसते. पण ज्या घराण्याचा हक्क त्या कावूवर आहे त्याला डावलून केलेल्या प्रसंगावर हक्क पुढे चालवण्याची कथा उभी राहू शकत नाही, असे त्याने निर्मात्याला लिहून कळवले. त्याच पत्रात त्याने रोझीचा उल्लेख केला. आपल्या चित्रपटाच्या आरंभी दलित स्त्रीने नायर स्त्रीचा वेष घातला म्हणून तिला हाकलले गेले. आज दलित घराण्याचा वेष नामवंत अभिनेता घालणार आणि टाळ्या घेणार, तर निदान त्या घराण्याच्या संमतीविना तरी नको, असा त्याचा मुद्दा होता.

बैठक आणि करार

बोलणी कुठे करायची, हाही एक निर्णय होता. समितीच्या कार्यालयात कोलधारी खुर्चीवर बसत नाहीत, असे पुतण्याने स्पष्ट सांगितले होते; कोणी मनाई केलेली नव्हती, पण ते बसत नव्हते. कोलधाऱ्यांच्या घरी समितीचे लोक आले असते तर त्याचा गावात वेगळाच गाजावाजा झाला असता. शेवटी गावाच्या वाचनशाळेत बैठक झाली. केरळमध्ये गावोगावी अशा वाचनशाळा आहेत. वर्तमानपत्रे वाचणे, चित्रपट पाहणे, वाद घालणे तेथेच चालते आणि बाकांवर कोणाची जागा ठरलेली नसते. मल्याळम चित्रपटाला सजग प्रेक्षक लाभला तो अशा जागांमुळे. येथे त्याच जागेने प्रेक्षकाबरोबर कलावंतालाही बोलण्याची सोय करून दिली. बैठकीची ही निवड या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

दोन बैठकींनंतर एक छोटा करार मल्याळममध्ये लिहिला गेला. त्यावर तरवाड, समिती आणि कोलधारी घराणे यांच्या तीन स्वतंत्र सह्या होत्या, आणि कोणाही एकाने नकार दिला तर बाकी दोघांची संमती रद्द होईल असे त्यात नमूद होते. अभिनेता मुडी घालणार नाही आणि आरसा हातात घेणार नाही, हे ठरले. कळियाट्टमच्या रात्री दोन कॅमेरे, गर्दीच्या मागून, जादा दिव्यांविना; देऊळ आणि तेय्यम यांच्यामध्ये कोणीही उभे राहायचे नाही; आरशाच्या वेळी जवळचे दृश्य घ्यायचे नाही. अणियऱ्यात मात्र एक कॅमेरा आत नेता येईल, कारण लेखन हे हस्तकौशल्य आहे आणि ते लोकांनी पाहावे, असे ज्येष्ठ कोलधारी स्वतःच म्हणाले. चित्रित केलेला भाग संकलनाआधी घराण्याला दाखवायचा आणि त्यांनी सांगितलेला भाग वगळायचा.

मोबदल्यावर बराच खल झाला. त्या रात्रीसाठी चित्रपटाने पैसे दिले तर ते तेय्यम कावूचे राहील की चित्रपटाचे, असा प्रश्न समितीच्या सचिवांनी विचारला आणि तो योग्य होता. तोडगा असा निघाला की उत्सवाच्या रात्रीचे मानधन परंपरेप्रमाणे कावूनेच द्यायचे. चित्रपटाने घराण्याला सल्लागार म्हणून, अभिनेत्याला चालणे, बसणे आणि तोट्टमची उच्चारपद्धत शिकवण्यासाठी, वेगळ्या दिवसांचे पैसे द्यायचे आणि ते घराच्या बँक खात्यात जमा करायचे. श्रेयनामावलीत मुखलेखन आणि तोट्टम यांचे उल्लेख छायाचित्रण आणि संगीत यांच्या रांगेत येतील, आभाराच्या यादीत नाही.

पटकथा बदलली. वडिलांचे रूपांतर आता मुलाला दिसत नाही. तो अणियऱ्याबाहेर बसलेला आहे. झावळ्यांच्या फटीतून लिहिणारा हात दिसतो, तोट्टम ऐकू येते, आणि प्रसंग मुलाच्या चेहऱ्यावर घडतो. अभिनेत्याचा सर्वांत मोठा प्रसंग यात गेला. त्याने आपली नाराजी लपवली नाही, परंतु तो चित्रपटात राहिला.

चित्रीकरणाची रात्र

या रात्रीबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी निर्णयाच्या दृष्टीने एकच गोष्ट महत्त्वाची आहे. पहाटे तेय्यम भक्तांना भेटू लागले. एक मध्यमवयीन बाई समोर आल्या आणि त्यांनी आपल्या घरातली एक अत्यंत खासगी गोष्ट रडत सांगितली. तेय्यमने त्यांचा हात हातात घेऊन, त्या ठरावीक भारदस्त भाषेत, धीर दिला. ध्वनिमुद्रकाने चेंड्याच्या गजरातून तेय्यमचे बोलणे स्पष्ट यावे म्हणून मायक्रोफोन जवळच्या खांबाला बांधला होता. शब्द न् शब्द मुद्रित झाला.

करारात याबद्दल काहीच नव्हते. दृश्य वगळण्याचा हक्क कोलधारी घराण्याला होता. भक्ताला कोणताही हक्क कोणी दिलेला नव्हता, कारण भक्त हा या व्यवहारातला पक्ष असल्याचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. ध्वनिमुद्रकाने सकाळीच दिग्दर्शकाला ऐकवले. प्रसंग विलक्षण होता आणि कथेत चपखल बसला असता. त्या बाईंकडे संमती मागावी का, यावर दोघे बोलले. देवापुढे बोललेली गोष्ट तुम्ही ऐकली होती, हे त्यांना सांगणे हाच एक आघात ठरेल, असा ध्वनिमुद्रकाचा आग्रह होता. ते मुद्रण त्याच दिवशी दोन्ही प्रतींतून पुसले गेले. दृश्यातील त्या भागावर नंतर केवळ चेंडा आणि गर्दीचा आवाज ठेवला. ध्वनिमुद्रक मराठी असल्यामुळे त्यांना मल्याळम कामापुरतीच येते. ते म्हणाले की शब्द अर्धेच कळले, तरी काय चालले आहे ते पूर्ण कळले होते.

परिणाम

घराण्याने संकलित भाग पाहिला आणि एक दृश्य वगळायला सांगितले. त्यात कोलधारी विश्रांती घेताना अंगावरचे दागिने सैल करत होते. ते वगळले गेले. चित्रपट तयार झाला, मोजक्या चित्रपटगृहांत लागला आणि नंतर ओटीटीवर गेला. अणियऱ्याबाहेरच्या प्रसंगाची समीक्षकांनी आवर्जून दखल घेतली. दिग्दर्शक आता म्हणतो की मूळ योजनेतील प्रसंग एवढा चांगला झाला नसता. मला हे पटते, तरीही हे यश निर्णयाचे समर्थन म्हणून वापरू नये असे वाटते. प्रसंग फसला असता तरी निर्णय बरोबरच ठरला असता.

तंटा झाला तो प्रसिद्धीवरून. प्रदर्शनाच्या आठवड्यात जवळच्या शहरात चित्रपटाचे मोठे फ्लेक्स लागले. त्यावर खऱ्या तेय्यमचा चेहरा होता, आणि चित्रपटाचे नाव त्याच्या कपाळावरून आडवे छापलेले होते. खाली कोपऱ्यात एका प्रायोजकाचे बोधचिन्ह होते. हे छायाचित्र चमूतील स्थिर छायाचित्रकाराने उत्सवाच्या रात्री काढले होते. जाहिरातीचे काम करणाऱ्या संस्थेला करार दाखवलाच गेला नव्हता, कारण करारात फक्त चित्रित दृश्यांचा उल्लेख होता. पुतण्याने फोटो काढून दिग्दर्शकाला पाठवला आणि सोबत काहीही लिहिले नाही. फ्लेक्स दोन दिवसांत उतरवले गेले, दिग्दर्शक येऊन भेटून गेला, पण ज्येष्ठ कोलधारी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाहीत. समितीने मात्र हा विषय आपल्या बैठकीत घेतला आणि त्या बैठकीला प्रथमच कोलधारी घराण्याला बोलावले. पुतण्या आता समितीवर निमंत्रित सदस्य आहे. मतदानाचा हक्क त्याला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली भेट समितीशी झाली, तेथूनच गुंता सुरू झाला. कंट्रोलरने त्याच दिवशी कोलधाऱ्यांच्या घरी जाऊन बोलायला हवे होते, आणि अभिनेत्याच्या तारखा घेण्याआधी. पावसाळ्यात जाण्याचाही फेरविचार व्हायला हवा. हंगाम बंद असताना कलावंत मोकळे असतात आणि पैशाची गरज सर्वांत जास्त असते. अशा वेळी मिळालेला होकार किती मोकळा असतो, हे विचारणाऱ्याने स्वतःलाच विचारले पाहिजे. हंगाम सुरू झाल्यावर पहिली भेट झाली असती तर पुतण्या आणि ज्येष्ठ यांच्यातला ताण इतका टोकाला गेला नसता, असे घरातील दोघांनीही मला सांगितले.

करारात स्थिर छायाचित्रे, जाहिराती, प्रायोजकांची चिन्हे आणि भक्तांचे खासगी बोलणे या चारही गोष्टी असायला हव्या होत्या. यातली शेवटची गोष्ट कोणत्याही विधीच्या चित्रीकरणाला लागू पडते; आपल्याकडे जागरणाचे किंवा कोकणातल्या गाऱ्हाण्यांचे चित्रीकरण करणाऱ्यांनीही तिचा विचार करावा. खांबाला मायक्रोफोन बांधताना समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याची कल्पना नसते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तोट्टमचा सुमारे अर्ध्या मिनिटाचा तुकडा चित्रपटातून काढून, त्यावर नृत्याचा ठेका चढवून, समाजमाध्यमांवर लोक रील करत आहेत. ते करणारे चमूतील कोणी नाहीत. चित्रपटाचे हक्क आता एका ओटीटी कंपनीकडे आहेत आणि तिच्याशी झालेल्या व्यवहारात गावातल्या कराराचा उल्लेख नाही. घराण्याची मागणी अशी आहे की निर्मात्याने कंपनीला लेखी कळवून तो तुकडा काढायला लावावा. निर्मात्याच्या वकिलाचे म्हणणे आहे की तोट्टम पारंपरिक असल्याने त्यावर कोणाचा हक्क सिद्ध करता येणार नाही. गाणाऱ्याच्या आवाजावर गाणाऱ्याचा हक्क मात्र सांगता येईल. ज्येष्ठ कोलधाऱ्यांना हा दुसरा मार्ग मान्य नाही, कारण त्या वेळी आवाज आपला होता असे कागदावर लिहून देण्याची त्यांची तयारी नाही. पुतण्या सही करायला तयार आहे, पण त्या रात्री तो गात नव्हता.